गवताचा भारा आणि दुभाजक

आज सकाळी ओझरला निघाले होते. दहाव्या मैलाच्या अलीकडे एक आजी दिसल्या. डोक्यावर गवताचा भारा, विळा कमरेला खोचलेला. दुभाजकावर चढायचं म्हणून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आणि नेमका तेव्हाच एका गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला. आजी दचकल्या, भारा कलला.

मी गाडी सर्व्हिस रोडला घेऊन थांबले. म्हटलं, "आजी, रस्त्याखालच्या बोगद्यातून का नाही जात?"

"एवढा भारा घिऊन तेवढा वळसा व्हतो का माये? अन् तिथं पानी साचेल हाये."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

आमचं घर याच रस्त्याच्या एका अंगाला, विहीर आणि मळा दुसऱ्या अंगाला. मुंबई-आग्रा रोड, सगळ्यांच्या तोंडी नुसता 'हायवे'. तेव्हा तो दोन पदरी होता. दुपारी आई भाकरीचं फडकं घेऊन कडेला उभी राहायची. पलीकडे बांधावरून माझे वडील, आमचे दादा, टॉवेल हलवायचे, म्हणजे ट्रक गेला, ये आता. एवढीच आमची सिग्नल यंत्रणा.

मग २०१० नंतर पिंपळगाव ते गोंदे हा ६० किलोमीटरचा पट्टा रुंद झाला. नाशिक शहरात गरवारे पॉइंटपासून के. के. वाघ कॉलेजपर्यंत उड्डाणपूल झाला. तीन नंबरचा हायवे म्हणत आम्ही मोठे झालो, तो नंबरही गेला. आमच्या पट्ट्याला आता ६० म्हणायचं, आणि तीन नंबर आज अटारीहून लेहला जातो. २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा तुकडा सुरू होऊन मुंबई-नागपूरचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. कसाऱ्याचा घाटही टळला. बरं झालं. द्राक्षाची गाडी वाशीला वेळेत पोचते, मोबदलाही मिळाला, मी नाही म्हणत नाही.

पण रस्ता आडवा ओलांडणाऱ्याचा विचार कुणी केला? नकाशावर रस्ता उभा काढतात आणि माणसं आडवी चालतात, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात पट्टी देताच कशाला? द्वारका चौकातला भुयारी मार्ग आठवा. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे, दोन्ही हायवे जिथे भेटतात तिथला. कोण गेलं त्यातून? माणसं वरूनच, गाड्यांमधून जीव मुठीत धरून पळतात. गावाकडे लोकांनी दुभाजक फोडून वाट केली की ती बुजवायला माणसं दुसऱ्या दिवशी हजर. फोडलेल्या वाटेवर अपघात होतात, मान्य. मग वाट द्या ना, जवळ द्या, कोरडी द्या!

आता सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी पुन्हा रस्ते रुंद करायला घेतलेत. भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण रोज सकाळी गवत घेऊन जाणारी आजी कुणाच्या यादीत आहे?

रुंदीकरण झाल्यावर दादांचा टॉवेल पलीकडून दिसेनासा झाला. दिसला तरी आई येणार कशी? मग दादा सकाळीच भाकरी बांधून न्यायला लागले. दुपारची गरम भाकरी त्यांची तेव्हाच सुटली. कधी तक्रार केली नाही त्यांनी. एकदाच म्हणाले होते, "तुझ्या आईबरोबर बांधावर बसून जेवायचो, तेवढं गेलं."

लिहिता लिहिता राग उतरला माझा, आता नुसतं भरून येतंय.

सकाळी त्या आजींचा भारा मी धरला, जड होता. दुभाजकापर्यंत कशाबशा आलो. पलीकडच्या बाजूने एक ट्रक येत होता. माझ्या हातात ओढणी होती, ती मी वर धरून हलवली, दादा टॉवेल हलवायचे तशीच. ट्रकवाल्याने वेग कमी केला, हात दाखवला आणि थांबला. आम्ही पलीकडे गेलो. आजींनी चपला घातल्या, भारा पुन्हा डोक्यावर घेतला आणि बांधाच्या वाटेला लागल्या.