चढउतार सगळ्यांचेच होतात, मग त्यावर पीएचडी कशाला?

नमस्कार. आत्मसन्मानाच्या, म्हणजे माणसाला स्वतःची किती किंमत वाटते त्याच्या, चढउतारांवर मी पीएचडी करतोय हे वाचून तुम्ही प्रतिक्रिया मन लावून लिहिलीत, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे: स्वतःबद्दल कधी बरं, कधी वाईट वाटणं हे भरती-ओहोटीइतकं स्वाभाविक, त्याला आजाराचं लेबल कशाला? सरासरी ठीक असेल तर बाकी सगळा शब्दांचा कीस. आणि अशा अभ्यासासाठी माणसाला दिवसातून चार-पाचदा 'आत्ता स्वतःबद्दल काय वाटतंय' असं विचारलं, तर तो विचारण्यानेच अस्वस्थ होईल.

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडण नाही. चढउतार म्हणजे आजार असं मी म्हणत नाही. चारचौघांत अपमान झाला तर त्या दिवशी आत्मसन्मान घसरणारच. मला जाणून घ्यायचंय ते हे, की तो किती घसरतो, कितीदा घसरतो आणि कशापायी.

सरासरीचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. आत्मसन्मान मोजणारी मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाची १९६५ची १० विधानांची प्रश्नावली आजही सर्रास वापरली जाते. तिची उत्तरं माणूस साधारणपणे एकूण आयुष्याकडे बघून देतो. आता दोन काल्पनिक माणसं घ्या आणि दहापैकी गुण द्यायला सांगा. पहिल्याचे सहा वेळचे आकडे ६, ६, ५, ६, ७, ६. दुसऱ्याचे ९, ३, ८, २, ९, ५. दोघांचीही सरासरी ६! दुसऱ्या माणसाचा आठवडा कसा गेला असेल, हे त्या सहावरून कळेल का?

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्निस आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये लोकांना काही दिवस पुन्हा पुन्हा 'आत्ता स्वतःबद्दल काय वाटतंय' हेच विचारलं आणि उत्तरं किती हलतात ते मोजलं. आत्मसन्मान उंच पण डळमळीत असलेल्या लोकांमध्ये राग आणि वैरभाव सर्वांत जास्त दिसला. उंच आणि स्थिर असलेल्यांत सर्वांत कमी. नुसती पातळी, म्हणजे आत्मसन्मान सरासरीने किती उंच आहे एवढंच, पाहिली असती तर हे दोन्ही गट एकाच रकान्यात गेले असते.

'कशापायी' या प्रश्नासाठी मला जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांचा २००२चा अभ्यास फार मोलाचा वाटतो. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेले विद्यार्थी, आणि त्यांना येणारे होकार-नकार. ज्यांनी आपली किंमत अभ्यासातल्या यशावर टांगून ठेवली होती, त्यांचा आत्मसन्मान होकाराने जास्त चढला आणि नकाराने जास्त कोसळला. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं आधीच जास्त होती, त्यांची लक्षणं या हेलकाव्यांनंतर आणखी वाढलेली आढळली. अशा मुलाला 'तू हुशार आहेस' असं सांगत राहिल्याने त्याचा आधार बदलत नाही, उलट तोच पक्का होतो, असं माझं मत आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पातळीबद्दलचा पुरावा जास्त भक्कम आहे. सोविस्लो आणि ऑर्थ यांनी २०१३मध्ये नैराश्यावरचे ७७ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. नैराश्यामुळे आत्मसन्मान खालावतो त्यापेक्षा खालावलेल्या आत्मसन्मानामुळे नैराश्य येण्याचा परिणाम त्यांत मोठा निघाला. शिवाय हेलकावे मोजण्यात एक तांत्रिक खोच आहे. जो कायम २ वरच असतो त्याला खाली जायला जागाच नसते, म्हणून तो कागदावर 'स्थिर' दिसतो. त्यामुळे पातळी हिशेबात धरल्याशिवाय हेलकाव्यांबद्दल काहीही बोलणं धोक्याचं. माझ्या कामाचा निम्मा घाम इथेच गळतो.

राहिला वारंवार विचारण्याचा प्रश्न. तुमची ही शंका रास्त आहे आणि या पद्धतीवर काम करणारे सगळेच ती गांभीर्याने घेतात. म्हणून प्रश्न मोजके ठेवायचे, एका मिनिटात उरकतील इतके. काहींना कमी वेळा विचारायचं, काहींना जास्त, आणि दोन्ही गटांची उत्तरं ताडून पाहायची. नको वाटेल तेव्हा थांबायची मुभा प्रत्येकाला असते, कारण विचारलं जात नाही. आणि एखाद्याची उत्तरं काळजी वाटावी इतकी खाली जाऊ लागली, तर अभ्यास संपायची वाट न बघता त्याला समुपदेशकाशी जोडून द्यायचं. त्यात माझी माहिती अपुरी राहिली तर राहू दे.