थरथर, खरखर आणि आप्पाकाका

आमच्या गाडीच्या ब्रेकना दोन विकार एकदमच जडले, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला. ताशी 80 च्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरायचे, हा पहिला विकार. दुसरा असा की पावसाळ्यातल्या सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरातून गाडी बाहेर काढताना पुढच्या चाकांतून जी खरखर उठे, ती ऐकून कचरागाडीची वाट पाहत ओल्या-सुक्याचे वेगवेगळे डबे घेऊन उभे असलेले शेजारी डबे विसरून आमच्याकडेच पाहू लागत. दोन्हींचे मूळ एकच असणार, असे साऱ्या गल्लीने परस्पर ठरवून टाकले होते.

आमचे चुलत सासरे आप्पाकाका यांनी तर गाडीला हातही न लावता निदान केले. "अहो जावईबापू, डिस्क वाकलीय, ती चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी. तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं असणार," असे ते पोह्यांवर शेव पसरत म्हणाले. काकांनी स्वतः आजन्म लूना चालवली. पण निदानाला अनुभव लागतोच असे आमच्या घराण्यात कोणी मानत नाही.

मिस्त्रींपुढे मात्र आमची गाडी तपासनीस आलेल्या वर्गासारखी चिडीचूप बसे. पहिल्या मिस्त्रीने ती छावणी भागाच्या गर्दीत, हातगाड्या आणि ई-रिक्षा चुकवत, एक फेरी फिरवून आणली आणि "भिया, मक्खन चल री है" असा निर्वाळा दिला. जो रोग ताशी 80 ला उद्भवतो तो ताशी 20 ला दिसायचा कसा, हा माझा प्रश्न त्याला उद्धटपणाचा वाटला असावा. दुसऱ्याने चाकांचे बॅलन्सिंग करायला सांगितले. वास्तविक चाकाचा तोल गेला असेल, तर गाडी वेगात असताना ब्रेकला स्पर्श न करताही थरथरते. आमची केवळ ब्रेक दाबल्यावरच थरथरत होती. तिसऱ्याने चारही चाकांना नव्या डिस्क सुचवल्या. मागच्या चाकांना डिस्क नसून ड्रम आहेत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले, तेव्हा "तो ड्रम भी बदल देंगे" अशी उदार तयारी त्याने दाखवली.

अखेर जो म्हातारा मिस्त्री भेटला, त्याने पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. पाय काढला की थरथर थांबते का? स्टिअरिंग हलते की सीट? स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर, आणि बैठकीखाली हादरे बसत असतील तर मागच्यांवर. मग "टायर कब बदले थे?" असे विचारून त्याने माझ्याकडे असे रोखून पाहिले की मला वकील आठवला. टायर काही महिन्यांपूर्वी बदलले होते. त्या दुकानातल्या मुलाने हवेच्या गनने नट एकापाठोपाठ एक करकचून आवळले होते, आणि हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज तसाच राहिला होता. अशा वेळी डिस्क किंचित तिरकी बसते. प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला चिमटीत धरणाऱ्या गुटक्याला, घासत राहतो, हजारो किलोमीटरनंतर तेवढाच भाग पातळ होतो, आणि मग ब्रेक दाबला की जाड-पातळ भाग आळीपाळीने पॅडखालून जाऊन स्टिअरिंगला धक्के देतात. डिस्क वाकत नाही, झिजते. आणि थरथर सुरू होईपर्यंत गुन्हेगार केव्हाच पसार झालेला असतो.

म्हाताऱ्याने चाक काढून डिस्कला डायल गेज, म्हणजे बारीकसे डोलणेही काट्याने दाखवणारा मापक, लावला आणि ती हाताने सावकाश फिरवली. काटा 0.1 मिलिमीटरच्याही पुढे डोलू लागला. एवढ्याशा फरकाने मी महिनोन्‌महिने हवालदिल झालो होतो, याची मला जरा लाजच वाटली. हब तारेच्या ब्रशने घासून डिस्क परत बसवल्यावर डोलणे जवळजवळ थांबले. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा अजून जास्त होती, म्हणून तिला लेथवर समतल करून घेतले, आणि नट या वेळी टॉर्क पान्याने, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. सकाळच्या खरखरीचे मात्र त्याने काहीच केले नाही. रात्रीच्या ओलाव्याने बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्या दोन-चार ब्रेकांत पुसला जातो, एवढे सांगून त्याने त्याचे पैसेही घेतले नाहीत. आवाज दिवसभर टिकला किंवा कर्कश किंचाळी येऊ लागली तर मात्र या, पॅड संपले असतील, अशी ताकीद दिली.

खातरजमेसाठी काकांना घेऊन ओंकारेश्वरला निघालो. भेरूघाटाच्या उतारावर स्टिअरिंग अगदी शांत होते. तेवढ्यात ओल्या वळणावर समोर म्हैस आली, मी ब्रेक कचकन दाबला, आणि पायाखाली पेडल खडखडले.

"पाहिलंत? सांगत होतो मी!" काका ओरडले.

"काका, ते एबीएस आहे. चाक घसरू नये म्हणून ते ब्रेक सोडून सोडून दाबतं. ते खडखडायलाच हवं."

काकांनी म्हशीकडे, मग माझ्याकडे पाहिले. "मग परत जाताना त्या म्हाताऱ्याकडून ते काढूनच घ्या," ते म्हणाले.