पिवळाधमक

आज लक्ष्मीपुरीत गूळ घ्यायला उभी होते. माझ्या पुढं एक ताई. दुकानदारानं तांबूस-काळपट ढेप काढली, तर त्यांनी नाकच मुरडलं. "हा जुना दिसतोय हो. पिवळा दाखवा की, घरी पाहुणे यायचेत." त्यानं निमूट खालनं दुसरी काढली. लिंबासारखी पिवळीधमक. ताई खूश, दुकानदार खूश. मी गप्प. त्या गप्प बसण्याचाच राग येतोय म्हणून हे लिहायला बसलेय.

कोल्हापुरात राहून गुळाचा रंग बघायचा? अहो, साडी घेताय का गूळ?

लहानपणी सुट्टीत मामाच्या गुऱ्हाळावर असायचो. तिथला राजा म्हणजे गुळव्या. मामासुद्धा त्याच्याशी जपून बोलायचा. काहिलीत, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईत, रस आटत आला की हा गडी गार पाण्याच्या वाटीत थेंब सोडायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि वाटीच्या कडेवर टणकन मारायचा. आवाज ऐकला की एवढंच, "काढा काहील." थर्मामीटर नाही, काही नाही. पुढं वाचनात आलं की त्या क्षणी पाक साधारण ११५ ते ११८ अंश सेल्सिअसला असतो. थोडं अलीकडं काढला तर गूळ बसत नाही, पलीकडं गेला तर करपतो. ते सगळं त्याच्या कानात होतं.

आणि भेंडी! भाजीची नव्हे, रानभेंडीची झाडं ठेचून, पाण्यात कुस्करून तो बुळबुळीत चिकट रस काहिलीत ओतायचे. आम्हाला वाटायचं, शी, हे काय. तर तो चिकटपणा रसातला गाळ धरून वर आणतो आणि मळी होऊन ती झाऱ्यानं काढता येते. आणि चिमूटभर चुना टाकायचे तो कशाला? उसाचा रस मुळात आंबटसर. तसाच उकळला तर त्यातली साखर फुटते, मग गूळ घट्ट व्हायच्याऐवजी घळघळतो. चुना आंबटपणा मारतो. जास्त पडला तर रंग काळवंडतो. म्हणजे गुळव्याला रंगही कळत होता, पण तो त्याच्या मागं लागला नव्हता.

आता मागं लागलेत. कारण बाजारात पिवळ्याला भाव. मग काहिलीत हायड्रॉस पडतं. सोडियम हायड्रोसल्फाइट. जीन्सचं कापड निळीत रंगवताना जे वापरतात तेच. रंगद्रव्यं तात्पुरती फिकी पडतात, गूळ उजळतो. गंमत पुढंच आहे. हवा, दमट दिवस लागले की रंग परत गडद होतो. मेकअप उतरावा तसा.

बरं, सगळा पिवळा गूळ हायड्रॉसचाच, असं नाही. उसाची जात, जमीन, पाणी, खत, सगळ्यानं रंग बदलतो. आणि काळा म्हणजे शुद्ध असंही नाही, करपलेला गूळही काळाच असतो. मान्य. डायबेटिसवाल्यांनी "गूळ चालतो" म्हणत वाटीभर खाऊ नये, हेही मान्य. पुढं.

चिडायचं खरं कारण वेगळंच आहे. ज्या वस्तूसाठी जग आपल्या दारात आलं, तिला आपण जुनी म्हणतोय. ऊस मुळात न्यू गिनीकडचा, पण रस आटवून घट्ट करायची विद्या इथं मुरली. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसनं लिहून ठेवलं, मधमाशीशिवाय मध देणारा बोरू, म्हणजे आपला ऊस. इ.स. ६४७ मध्ये चीनच्या तांग सम्राटानं साखर करायची पद्धत शिकायला माणसं मगधला पाठवली. आपली शर्करा, म्हणजे मूळ अर्थानं खडे, फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि इंग्रजांच्या तोंडी शुगर होऊन परत आपल्याच दारात आली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, तिथं गुळाचा व्यापार फुलला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. आणि आपण म्हणतोय, पिवळा दाखवा की.

त्या ताईंवर फार घसरले का मी? घसरलेच. कारण गेल्या संक्रांतीला नणंद येणार होती, तेव्हा तिळगुळाला पिवळी ढेप मीच आणली होती. मामाच्या काहिलीवर वाढलेली मी! लाडू सोनेरी दिसले, नणंदेनं फोटो काढला, सगळ्यांनी वा वा केलं. गुळव्या असता तर एक लाडू फोडून कानाशी नेला असता. हसू नका, त्याचा काही नेम नव्हता.

आजची तांबूस ढेप मग मीच घेऊन आले. बत्त्यानं फोडली. आतून भुरभुरीत, रवाळ. तुकडा तोंडात टाकला आणि थेट चुलवाणाच्या धुराचा वास आला. लेकानं चाखला, "मम्मी, कडवट आहे गं जरा" म्हणाला आणि दुसरा तुकडा उचलला.

मग डब्यात तळाला उरलेली संक्रांतीची पिवळी ढेप बाहेर काढली. दोन्ही ताटात शेजारी ठेवल्या. लेकाला म्हटलं, सांग बरं यातली आजची कुठली. पाच मिनिटं झाली, अजून बघतोय.