खुलासा: अपोस्टिल म्हणजे मजकुराची हमी नव्हे

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात वापरता यावा म्हणून त्यावरची सही आणि शिक्का खरे असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. ‘एकदा अपोस्टिल झालं की कंपनीचा कुठलाही कागद जगभर चालतो, आतला मजकूरही सरकारने खरा मानला असं समजा’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

अपोस्टिलचा चौकोन एकदा नीट वाचा. वर फ्रेंच शीर्षक, खाली क्रमांक घातलेल्या 10 नोंदी: सही कोणाची, कोणत्या अधिकारात केली, शिक्का कोणाचा, तारीख, अनुक्रमांक. बस, एवढंच. मुखत्यारपत्र नोटरी केलेलं असेल तर खरी ठरते ती नोटरीची सही. आत काय लिहिलंय, त्याची जबाबदारी लिहून देणाऱ्याचीच.

दुसरं म्हणजे, 5 ऑक्टोबर 1961 चा हेग करार ज्या दोन देशांत परस्परांना लागू आहे, तिथेच अपोस्टिल चालतं. एकाने दुसऱ्याच्या करारातल्या प्रवेशावर आक्षेप घेतला असेल, तर दोघेही सदस्य असून उपयोग नाही. मग दूतावासाकडून कागद प्रमाणित करून घेण्याचाच रस्ता. सदस्य देशांच्या जुन्या याद्यांवर मात्र विसंबू नका. कॅनडात हा करार 11 जानेवारी 2024 पासूनच लागू झाला.

आणि व्यापार किंवा सीमाशुल्काशी थेट संबंधित प्रशासकीय कागद तर कराराच्या पहिल्याच कलमात वगळलेत. म्हणून कळकळीने सांगतो, पैसे भरण्याआधी कागद जिथे द्यायचाय त्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.