प्रतिक्रियेला उत्तर : इंदूर तिकिटात का नाही?

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. काका इंदूरच्या रामबागेत राहतात, मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा सिडनीत. पृथ्वीप्रदक्षिणेच्या एकाच तिकिटावर दोघांकडे जाऊन यायचं, असा काका-काकूंचा बेत आहे. मी आधीच्या लेखात स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या अशा तिकिटाचा जो मार्ग दिला होता (दिल्ली, लंडन, न्यू जर्सीतलं नेवार्क, सॅन फ्रान्सिस्को, ऑकलंड, सिडनी, सिंगापूर, टोकियो, दिल्ली) त्यावर ते लिहितात: "ताई, हा लेख दिल्लीकरांसाठी आहे. इंदूरला विमानतळ असताना तिकीट दिल्लीपासून का? शिवाय एकाच दिशेने जायचा नियम सांगता आणि सिंगापूरहून टोकियोला परत पूर्वेकडे नेता. आणि प्रत्येक प्रवासाची वेगळी, सुटी तिकिटं स्वस्त पडतात असं मुलगा म्हणतो."

आधी दिशेचं, कारण तिथे बरेच जण अडखळतात. हा नियम शहराशहराला लागत नाही. विमान कंपन्यांनी भाड्यासाठी जगाचे तीन भाग केले आहेत: उत्तर आणि दक्षिण अमेरिका हा पहिला, युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्व हा दुसरा, आणि बाकीचा आशिया, ऑस्ट्रेलिया व प्रशांत महासागरातली बेटं हा तिसरा. एका भागातून दुसऱ्यात जाताना दिशा बदलता येत नाही. अटलांटिक एकदाच ओलांडायचा, पॅसिफिकही एकदाच. आपण तिसऱ्यातून दुसऱ्यात, तिथून पहिल्यात आणि पॅसिफिक ओलांडून पुन्हा तिसऱ्यात आलो, म्हणजे पश्चिमेकडे जायची अट पाळली गेली. सिंगापूर आणि टोकियो दोन्ही आशियात, एकाच भागात. तिथे थोडं मागेपुढे झालेलं चालतं. न्यू जर्सीला मुलीकडे राहून झाल्यावर पुन्हा लंडनला जाऊ म्हणालात, तर मात्र तिकीट बनणारच नाही.

आता इंदूर. इथे तुम्ही माझ्यावर अन्याय केलात असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः इंदूरची आहे, एरोड्रम रोडवरून निघून थेट न्यू जर्सीत उतरावं असं मलाही वाटतं. पण स्टारचं हे तिकीट मैलांवर चालतं. 29 हजार, 34 हजार, 39 हजार अशा पायऱ्या आहेत आणि मर्यादेच्या थोडं जरी वर गेलात तरी पुढच्या पायरीचं भाडं लागतं. वरचा मार्ग मोजला तर साधारण 28,900 मैल भरतो, अगदी काठावर. इंदूर ते दिल्ली हवाई अंतर 400 मैलांहून थोडं जास्त, जाऊन-येऊन 800 च्या वर. म्हणजे इंदूर घातलं की दोघांचीही तिकिटं 34 हजारांच्या पायरीवर. ज्या टप्प्याला एरवी काही हजार रुपये पडतात, त्याच्यापायी अख्ख्या तिकिटाचं भाडं वाढवून घ्यायचं? मुंबईही म्हणूनच घेतली नाही. मुंबईहून लंडन दिल्लीपेक्षा सुमारे 300 मैल लांब आहे, तेवढ्यानेही मर्यादा ओलांडली जाते.

उलट सिडनी जवळजवळ फुकटात मिळतं. ऑकलंडहून सरळ सिंगापूर सुमारे 5,230 मैल, आणि सिडनीमार्गे गेलात तर जेमतेम 30 मैल जास्त. मुलाकडे महिनाभर राहा, मैलांच्या हिशेबात काही फरक पडत नाही. असे टप्पे नकाशावर शोधण्यातच या तिकिटाची खरी मजा आहे. आणखी एक: वाटेत जमिनीवरून केलेला प्रवासही मोजला जातो. सॅन फ्रान्सिस्कोला उतरून बसने लॉस एंजेलिसला गेलात आणि तिथून उडालात, तर मधलं अंतर मैलांत धरतात आणि तिकिटात जास्तीत जास्त जे 16 टप्पे मिळतात त्यांतला एकही जातो. आपले आठच होतात, त्यामुळे टप्प्यांची चिंता नाही, मैलांची आहे.

दिल्लीला वेगळ्या तिकिटाने जाणार असाल तर एक दिवस आधी पोहोचा, विमानाने जा नाहीतर रात्रीच्या इंटरसिटीने. तिकीट वेगळं असेल तर इंदूरच्या विमानाला झालेल्या उशिराची जबाबदारी लंडनच्या विमानाची कंपनी घेत नाही. आणि पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे रद्द होऊ शकतात, कारण टप्पे क्रमानेच वापरावे लागतात.

सुट्या तिकिटांबद्दल तुमचा मुलगा म्हणतो ते पुष्कळदा खरं असतं. नुसतं न्यू जर्सीला जाऊन यायचं तर साधं परतीचं तिकीट काढा, या भानगडीत पडूच नका. पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्ही एकाच फेरीत करायचं, तेही वर्षभरात कधी परतायचं हे मुलांच्या सुट्ट्यांवर ठरणार असताना, सुटी तिकिटं तुम्हाला बांधून टाकतात. एक तारीख सरकली की पुढची सगळी हलतात आणि प्रत्येक कंपनीशी वेगळं भांडावं लागतं. या तिकिटाची मुदत एक वर्षाची आहे. त्याच वर्गात जागा असेल तर नुसती तारीख बदलायला बहुधा पैसे पडत नाहीत. मार्ग बदलला तर मात्र तिकीट नव्याने काढावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात, म्हणून शहरं आधी पक्की करा, तारखा मागून.

व्हिशाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. दोघांच्या हातात सगळे व्हिसा पडल्यावरच तिकिटाचे पैसे भरा. आणि सॅन फ्रान्सिस्कोहून रात्री निघालात की ऑकलंडला तारखेने तिसऱ्या दिवशी सकाळी उतराल, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. हॉटेलचं आरक्षण त्या तारखेचं करा.

तुम्ही वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या दुसऱ्या गटाचंही विचारलं आहे. त्यांचं खंडांवर चालणारं एक तिकीट आहे, त्यात मैल मोजत नाहीत. पण त्या गटात एकही भारतीय कंपनी नाही, त्यामुळे इंदूर तिथेही बसत नाही.

इंदूर तिकिटात हवंच असेल तर टोकियो सोडा. सिंगापूरहून सरळ दिल्लीला आलात तर इंदूरची दोन्ही टोकं धरूनही एकूण सुमारे 25,400 मैल होतात, 29 हजारांत आरामात. मग सामान इंदूरला जमा करून निघा आणि इंदूरलाच उतरा. टोकियो काकूंना बघायचंय की तुम्हाला, तेवढं दोघांत ठरवून कळवा. त्याप्रमाणे टप्पे मांडून देते.