मोज्यातली कुसळं

चार दिवस कोयना-चांदोलीच्या जंगलात फिरून रविवारी संध्याकाळी घरी पोहोचलो. गाडीतनं सॅक काढतोय तोवर शेजारचे काका कंपाउंडवरून वाकले, "काय मग, वाघ?" कसे आहात नाही, प्रवास कसा झाला नाही, थेट वाघ. म्हटलं, नाही दिसला. "अरेरे! म्हणजे चार दिवस वायाच की!" सोमवारी बँकेत कॅश काउंटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. एकाने तर, "ताडोबाला जायचं होतंस ना मग," असा सल्लाही दिला.

तर आधी वाघाचं उरकून टाकतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं साधारण ११६५ चौरस किलोमीटरचं रान. वाघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि झाडी अशी की दहा फुटांवर गवा उभा असला तरी कळणार नाही. ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत सोडल्यापासून लोकांना वाटतं की आता ती गेटवर तिकीटच फाडत असेल. नाही दिसत हो. आणि नाही दिसली म्हणून माझं काही बिघडलंही नाही.

आता मुद्द्याचं.

रात्री जेवणं झाल्यावर मी आणि लेक गॅलरीत मोजे घेऊन बसलो. वासोटा किल्ल्याच्या वाटेवरची कुसळं मोज्यांत अशी विणली गेली होती की मशीनमध्ये टाकले असते तर सगळ्या घराच्या कपड्यांना लागली असती. एकेक कुसळ नखाच्या चिमटीत धरायचं आणि शेपटाकडून नाही, टोकाकडून ओढायचं. उलटं ओढलं की तुटतं आणि टोक आतच राहतं, मग ते पुढच्या वेळी पोटरीला टोचतं. हे ज्ञान लेकीनं मला दिलं, सहावीत आहे. तासभर आम्ही तेच करत होतो. टीव्ही बंद होता. मध्येच माझ्या गुडघ्यामागं एक गोचीड सापडली, चांदोलीहून आलेली फुकटची पाहुणी. बायको म्हणाली, आधी अंघोळ करा दोघांनी, मग गादीला शिवा.

कुसळं काढता काढता लेकीनं विचारलं, "बाबा, त्या काकांचं घर नक्की कुठं होतं?"

ते काका म्हणजे आमचे लाँचवाले. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला लाँचनं जायला तासाहून जास्त लागतो. सकाळी शिवसागरवर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, धुकं होतं, इंजिनाचा धडधडाट सोडला तर कशाचा आवाज नाही. (मागच्या लाँचमधल्या मंडळींनी स्पीकर लावला तोवर. जंगलात गाणी लावणाऱ्यांवर वेगळी पोस्ट लिहायचीय, आज तोंड घाण करत नाही.) मी आपलं सहज विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" त्यांनी सुकाणूवरचा हात न काढता मानेनंच खाली दाखवलं. "आता गावावरनंच चाललोय की आपण."

मला आधी कळलंच नाही. मग ते सांगायला लागले. वडलांचं घर, खळं, देऊळ, सगळं खाली. उन्हाळ्यात पाणी हटलं की कुठं देवळाचा चौथरा दिसतो, कुठं भिंत. गाळपेर करायला लोक येतात तेव्हा आपली जागा कुठली ते झाडाच्या बुंध्यावरनं आणि टेकडीच्या कोनावरनं ओळखतात. भाऊबंद कुठं कुठं गेले म्हणाल तर कोण सोलापूरकडं, कोण सांगलीकडं, कोण ठाणे-रायगडाला. "लग्नाला भेटतो," म्हणाले. मग जरा थांबून, "माझी आत्या मेट इंदवलीत दिलेली. तुम्ही वर चढाल ना, मारुतीच्या म्होरं जोती दिसत्याल. फणस दिसंल एक मोठा. तिथंच."

मेट इंदवली म्हणजे वासोट्याच्या पायथ्याचं गाव. आता तिथं वनखात्याची चौकी आहे. प्लॅस्टिक मोजून लिहून घेतात, उतरल्यावर तेवढंच परत दाखवायचं. चांगली पद्धत आहे, कडकपणे पाळली जाते हे बघून बरं वाटलं. गाव उठवलेलं आहे. मी याआधी दोनदा वासोट्याला गेलोय, कॉलेजात असताना आणि लग्नानंतर एकदा. ती जोती दोन्ही वेळा माझ्या पायाखालनं गेली असणार. मला कधीही दिसली नाहीत, कारण माझं डोकं वर होतं. किल्ला, बाबूकडा, जुना वासोटा, पलीकडं कोकण. वासोटा लढवणाऱ्या ताई तेलिणीची आणि तो जिंकून घेणाऱ्या बापू गोखल्यांची गोष्ट मी प्रत्येक वेळी बरोबरच्यांना ऐकवलेली आहे. जोत्यांची गोष्ट मला माहीतच नव्हती.

या वेळी बघितलं. ओढा ओलांडून मारुती मागं पडला की उजव्या हाताला कारवीत घडवलेल्या दगडांची एक सरळ ओळ दिसते. निसर्गात इतकी सरळ ओळ नसते. आणखी आत गेलो तर काटकोन. काटकोनाच्या आत पालापाचोळा, त्यात जात्याची एक तळी, अर्धी मातीत गेलेली. आणि फणस. दोघांच्या कवेत बसणार नाही असा. वर पार शेंड्याजवळ शेकरूचं घरटं, काटक्यांचा मोठा गोळा. शेकरू होतंही, शेपूट लोंबकळत टाकून आमच्याकडं बघत होतं. लेक हळूच म्हणाली, "आता हे त्याचं घर."

त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मी विस्थापनाच्या विरोधात घोषणा द्यायला बसलो नाही. चांदोलीतही झोळंबीसारखी गावं उठली, आणि त्याच झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आम्ही संध्याकाळी गव्यांचा कळप बघितला. उन्हात पाय पांढऱ्या मोज्यांसारखे चमकत होते, एक तपकिरी वासरू आईच्या पोटाखाली घुसत होतं. ते बघताना मला गाव आठवलं नाही, हे कबूल करतो. माणसं उठल्यामुळं जनावरांना जागा मिळाली हेही खरंच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं गेलं, त्यात आपलं कास, कोयना, चांदोली आहे, याचा मला अभिमान आहे.

पण घरी येऊन गिझरचं बटण दाबलं आणि हात तिथंच थांबला. शिवसागरचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात उतरतं, पोफळीला त्याची वीज होते. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॉट. शाळेत पाठ केलेलं, परीक्षेत मार्क मिळवलेलं. त्या पाण्याखाली लाँचवाल्या काकांचं खळं आहे हे परीक्षेत नव्हतं. आणि कोयनेचे धरणग्रस्त अजूनही, तिसऱ्या पिढीत, जमिनीसाठी धरणं धरून बसतात. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल कित्येक वर्षं तेच लावून धरून आहेत. त्या बातम्या मी पेपरात बघितल्यात आणि पान उलटलंय.

म्हणून माझं मागणं फार छोटं आहे. प्रवेशद्वारावर वाघाचं चित्र असू द्या, शेकरूचं असू द्या, दंडाची यादी तर हवीच. त्याशेजारी एक पाटी उठलेल्या आणि बुडालेल्या गावांच्या नावांची लावा. मला तरी अशी पाटी कुठं दिसली नाही. आणि वाटाड्या म्हणून जी स्थानिक पोरं येतात त्यांना पक्ष्यांच्या नावांबरोबर आपल्या आज्यांची घरं कुठं होती तेही सांगू द्या. आम्ही ऐकू. ज्यांना नाही ऐकायचं ते स्पीकर लावतीलच.

आता शेवटचं. आई माझी पाटणची. १९६७ साली ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची होती, पुढं कित्येक रात्री अंगणात झोपल्याचं अजून सांगते. चार दिवस ती घरी एकटीच होती. रविवारी रात्री आमची कुसळं काढून होईतो खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. वाघाचं तिनं विचारलंच नाही. जोत्याचं ऐकलं, जात्याचं ऐकलं, हुं हुं करत राहिली. फणसाचं आलं तशी सावरून बसली.

"कापा का बरका?"

गरे कडक का मऊ, हे मला कुठनं माहीत असणार, जानेवारीत? म्हटलं, फळं नव्हती गं. तर म्हणाली, "मग त्या लाँचवाल्याला विचार की. आत्याच्या दारातला फणस, खाल्ला असंल त्यानं."

लाँचवाल्या काकांचा नंबर आहे माझ्याकडं. बामणोलीत रेंजचं काही खरं नसतं. काल दोनदा लावला, लागला नाही. आज संध्याकाळी परत लावतो.