मन शांत, म्हणजे देवाचा होकार?
‘निर्णय घेताना मन शांत असेल तर तो देवाचाच होकार समजा’ हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. बायबलमधला संदेष्टा योना तर देवापासून पळत होता, तरी भर वादळात गलबताच्या तळाशी गाढ झोपला होता. उलट अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव मरणप्राय खिन्न होता, आणि तो पित्याच्या इच्छेतच होता. मग शांत वाटणं ही खूण कशी? बायबलच्या यिर्मया या पुस्तकात (१७:९) हृदयाला कपटी म्हटलंय, त्याचा उल्लेख तरी हवा होता.

आई गेल्यावर वेंगुर्ल्यात बाबा दर रविवारी चर्चला जात राहिले. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही म्हणायचे. गाताना आवाज फुटायचा नाही, तरी पुस्तकातल्या ओळीखालून बोट फिरत राहायचं. अशा माणसांनी हा लेख वाचला तर देवाने आपल्याला टाकलं असंच त्यांना वाटेल. कृपा करून ते वाक्य बदला.